एकाच घोंगडीवरची दोघं

कणसे सर फळ्यावर पेशी काढत ती एका दमात. खडू टेकवला की हात न उचलता गोल पुरा. मग आत लहान गोल, केंद्रकाचा. त्यावर खडू दोनदा आपटून ते म्हणत, "हे तलाठ्याचं ऑफिस."

मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी वाईची, शहरी घरातली, अनुभव शून्य. म्हणून प्राचार्यांनी पहिला महिनाभर मला सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. सर आमचे विभागप्रमुख. मूळचे वडूजचे, शेतकरी घरातले. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे. दोन चुलते आणि एक चुलतभाऊ फौजेत, त्यामुळे पुस्तकात रोगप्रतिकारशक्तीला 'शरीराचं सैन्य' म्हटलेलं आलं की ते चिडायचे.

"फौज म्हणं! फौजेतला माणूस आपल्याच गावावर गोळी झाडत नाही. इथं तेही होतं. लढाई-बिढाई डोक्यातून काढून टाका."

तलाठी मात्र त्यांना चालायचा. "दप्तर अख्ख्या गावाचं असतं," ते पोरांना सांगत. "पण तुझे वडील उतारा आणायला गेले तर सगळं दप्तर घरी आणतात का? आपल्या गटाचा तेवढा उतारा आणतात. प्रत्येक पेशीत सगळ्या जनुकांचं दप्तर पडून आहे. कुठल्या पानाचा उतारा निघतो, त्यावर पेशी कोण होणार ते ठरतं. आणि 'हे पान काढ' म्हणून पानावर बोट ठेवणारी जी प्रथिनं असतात, ती ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर." एवढं झाल्यावर खडू खाली ठेवून, "पेशीला अक्कल नसते. तिला सांगावा येतो," हे ठरलेलं वाक्य. खटाव, तासगाव, कवठ्याकडची मुलं होती, त्यांनी तलाठी पाहिलेला असे. माना डोलायच्या.

त्यांचा जीव होता तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी मदतनीस टी पेशींवर. या पेशी स्वतः जंतू मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात. सुरुवातीला कोऱ्या असतात. कानावर पडणाऱ्या रासायनिक सांगाव्याप्रमाणं त्या एका वाटेला लागतात किंवा दुसऱ्या. पहिल्या वाटेला लागल्या तर भक्षक पेशींना चेतवतात, आणि त्या आपल्या पोटात लपलेल्या जंतूला तिथंच संपवतात. दुसऱ्या वाटेला लागल्या तर प्रतिपिंडं तयार करवून घेतात. प्रतिपिंडं रक्तात फिरतात. पेशीच्या आत दडून बसलेल्या जंतूला त्यांचा धक्काही लागत नाही.

"आता कुष्ठरोग घ्या," सर म्हणत. "जंतू एकच. एका माणसाला एखाददुसरा चट्टा येतो न् थांबतं. दुसऱ्याच्या अंगभर पसरतं. जंतूत फरक नाही. फरक कुणी कुठली वाट धरली त्यात."

महिना संपला तरी मी त्यांच्या तासांना बसतच राहिले. माझ्या दुसऱ्या वर्षी हा धडा शिकवताना त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळली. कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात त्यांनी कापसाची वात दिली आणि डोळे मिटले. "स्पर्श कर. जिथं कळंल तिथं मी बोट ठेवतो." मुलीनं मनगटाला वात लावली, सरांनी बरोबर तिथं बोट ठेवलं. दंडाला लावली, तिथंही ठेवलं. मग तिनं चट्ट्यावर लावली. सर डोळे मिटून वाट बघत उभे. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. "लावली का?" सरांनी विचारलं. "लावलीय सर," मुलगी म्हणाली.

"अकरा वर्षांचा असताना आला. गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. आज कुणाला माझ्यापासून काही होत नाही. परीक्षेत आलं तर लिहा."

दुसऱ्या दिवशी पुढचे दोन बाक रिकामे. आठवड्यात पालकांचं पत्र आलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "कणसे, विषय शिकवा. हात कशाला दाखवता?" सर म्हणाले, "बरं." त्यानंतर मे महिन्यातसुद्धा मी त्यांना पूर्ण बाहीच्या शर्टाशिवाय पाहिलं नाही. स्टाफरूममधल्या एका प्राध्यापकांनी स्वतःचा कप घरून आणायला सुरुवात केली. सरांनी तो हातात न घेता, लांबूनच बघून विचारलं, "नवा का? नक्षी चांगली आहे."

अक्का मला त्यानंतर कळली. अक्का म्हणजे सरांची अडीच वर्षांनी मोठी बहीण. वडूजला मळ्यातल्या घरात एकटी राहायची. तिच्या डोळ्यांची तपासणी करायला तिला सांगलीला आणायचं होतं. "बाईमाणूस बरोबर असलं तर ती येईल," सर म्हणाले. "तुम्हाला जमंल का? नाही म्हणालात तरी चालंल." शेवटचं वाक्य ते कुणाशीही बोलताना जोडत असत.

एसटीत त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांना रोग होता, त्यांच्याकडून दोघा भावंडांना आला असणार. "एकाच घोंगडीवर झोपायचो आम्ही. माझा चट्टा लगेच दिसला. तिला काहीच दिसलं नाही. सगळे म्हणाले, पोरगी वाचली." अक्काचं लग्न उंब्रजला झालं. मुलगी झाली, मंगल. बाळंतपणानंतर अक्काच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, मग भुवया गेल्या, मग चेहऱ्यावर गाठी. मंगल सव्वा वर्षाची असताना सासरच्यांनी अक्काला वडूजला आणून सोडलं आणि मुलगी ठेवून घेतली. पुढं नवीन गोळ्यांची पाकिटं आली, ती तिनं एकही न चुकवता घेतली. तीनेक वर्षांपूर्वी सरकारी डॉक्टरांनी अंगात जिवंत जंतू नाही असं लिहून दिलं. पण मेलेल्या नसा मेलेल्याच राहिल्या. बोटं वळलेली, तळपाय बधिर.

अक्का अंगणात उभी होती. पदर कपाळाच्या खूप पुढं ओढलेला. आम्ही बसलो. चहा आला. मी कपाकडं हात नेला आणि हात मध्येच थांबला. एक क्षणभरच. मी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. होते. हा रोग कपातून पसरत नाही हे मी वर्गात शिकवत होते.

अक्कानं पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, "प्या बाई. च्या म्या न्हाई केला. शेजारच्या सुनंनं केलाय. कपबी तिच्याच घरचं हायती."

मी तो चहा प्याले. त्याची चव मला आजही सांगता येणार नाही. सर उठून गोठ्याकडं गेले.

पुण्याला एका प्रयोगशाळेत सरांचा जुना वर्गमित्र होता. परदेशी नियतकालिकांमधल्या लेखांच्या झेरॉक्स तो पोस्टानं पाठवायचा. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्यातलं एकही नियतकालिक येत नव्हतं. पाकीट आलं की सर ते फोडायच्या आधी हात धुवून येत. एका दुपारी मी प्रॅक्टिकल घेत असताना ते दारात आले, हातात पानं.

"मॅडम, सापडला."

"कोण?"

"दुसऱ्या वाटेला लावणारा! बोट ठेवणारा!" त्यांची सगळी प्रमाणभाषा गळून पडली होती. "गाटा-तीन नाव हाय. उंदराच्या पेशीत बघितलंय. ह्यो असला तर पेशी दुसऱ्या वाटंनं जाती, ह्यो अडवला तर न्हाई जात. लय सरळ प्रयोग केलाय, लय!"

त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला चहा दिला. कुणाला काही कळलं नव्हतं. संध्याकाळी मुलं गेल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघंच स्लाइड्स आवरत होतो. मी विचारलं, "सर, पहिल्या वाटेला लावणाराही असाच कुणी असेल ना?"

"असणारच. त्याचा पत्ता अजून कुणाला नाही."

"मग अक्कांना यातून काही..."

त्यांनी पानांची घडी घातली. "नाही. एकदा दुसऱ्या वाटेला पक्की लागली की पहिल्या वाटेची हाक ऐकायचा कानच पेशी काढून टाकते. हे आधीच माहिती आहे. आणि माणसात उंदराइतकं सरळ नसतं. शिवाय तिच्यातले जंतू तर औषधानं मेलेतच. यानं तिची बोटं सरळ व्हायची नाहीत." मग म्हणाले, "मला फक्त कळायचं होतं. अकरा वर्षांचा असल्यापासून एकच विचारतोय, ती का आणि मी का नाही. आज उत्तराजवळ आलो. आणि त्यात ती पण नाही न् मी पण नाही. नुसतं एक प्रथिन आहे."

ते सिंककडं वळून धुतलेल्याच स्लाइड्स पुन्हा धुवायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मंगलचं लग्न ठरलं. निरोप सासरहून आला नाही. उंब्रजच्या बाजारात कुणाकडून तरी कळलं. अक्का सरांना एकच म्हणाली, "बाळू, मला अक्षता टाकायच्या हायती." वीस वर्षांत तिनं भावाकडं काही मागितलं नव्हतं. सर उंब्रजला जायला निघाले आणि मला म्हणाले, "तुम्ही चला. मी एकटा असलो की मला गावचा बाळू समजतात. नाही म्हणालात तरी चालंल." मी गेले.

अक्काचे मालक, सरांचे दाजी, ओसरीवर बसले होते. शेजारी त्यांचे थोरले भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. दाजींनी दुसरं लग्न केलं होतं. त्या बाई आत होत्या. सरांनी डॉक्टरांचा कागद पुढं केला आणि बोलायला सुरुवात केली. मी त्यांचे शेकडो तास ऐकले, पण त्या ओसरीवर ते बोलले तसं वर्गात कधी बोलले नाहीत. खडू नव्हता. त्यांनी अंगणातल्या मातीत बोटानं पेशी काढली. तलाठी सांगितला, दोन वाटा सांगितल्या, एका घोंगडीवरची दोन भावंडं सांगितली. बाही वर करून चट्टा दाखवला. "जंतू माझ्यातबी हुता, दाजी. माझ्या हातचं तुमी जेवलाय. तिच्यात आता एकबी जिता न्हाई. तिनं काय पाप केलं न्हाई, तुमीबी केलं न्हाई."

दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना समजलंही होतं, कारण त्यांनी फार नेमका प्रश्न विचारला. "मग बरी झाली म्हंता, तर बोटं का सरळ हुईत न्हाईत?"

"नसा मेल्यात. जंतू गेला तरी त्यानं केलेलं नुकसान ऱ्हातंय."

"आमाला तर तेवढंच दिसतंय की, पाव्हणं."

सरांनी बाही खाली ओढून बटण लावलं.

मग हवालदार बोलले. आवाजात उद्धटपणा नव्हता. "सर, तुमचं समदं खरं. पर मुलाकडच्यास्नी आमी सांगितलंय, पोरीची आई हीच, घरात हाय ती. पोरीला तसंच वाढवलं. आता मांडवात दुसरी आई उभी ऱ्हायली तर लगीन मोडंल. पोरीचं वाटोळं तुमाला चालंल का?"

"न्हाई," सर म्हणाले.

"मग वडूजच्या वळखीच्या बाई म्हणून येऊ द्या. मागं बसू द्या. त्याला आमची ना न्हाई."

आम्ही निघालो तेव्हा विहिरीवरून कळशी घेऊन एक मुलगी आली. तिची हनुवटी सरांसारखी होती. "मंगल," सर म्हणाले. ती थांबली. "मामा, वडूजला त्यांना म्हणावं..." एवढं बोलून तिनं ओसरीकडं पाहिलं आणि आत गेली. सर रस्त्यावर येईपर्यंत वळून बघत होते. एसटीत त्यांनी मला विचारलं, "काय सांगणार होती ती?" मला काय ठाऊक असणार?

अक्कानं अट ऐकली आणि लगेच मान हलवली. "चालतंय की. वळखीची तर वळखीची. मागनं दिसतंय मला."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी वडूजला गेले. तिला साडी नेसवायला कुणी हवं होतं, बोटांनी निऱ्या घेता येत नव्हत्या. सरांनी जीप ठरवली होती. सकाळी आम्ही उठलो तेव्हा अक्का थंडीनं कुडकुडत होती. अंग तापलं होतं, हातापायांवर लालभडक दुखऱ्या गाठी, कोपरातली नस ठणकत होती. या रोगात बरं झाल्यावरही उसळणारी अशी रिअॅक्शन तिला आधीही येऊन गेली होती. सरांनी ठेवलेल्या गोळ्या दिल्या. त्या काही तासाभरात गुण देणाऱ्या नसतात.

आम्ही परसात उभे होतो. "मेलेल्या जंतूंचे तुकडे अंगात साठलेले असतात," सर मला सांगायला लागले, अगदी वर्गातल्या आवाजात. "त्यांच्यावर प्रतिपिंडं जाऊन बसतात, त्यांचे गोळे..." आणि मध्येच थांबले. "मॅडम, मला सगळं माहिती आहे," ते म्हणाले. "काय करू?"

आतून अक्कानं हाक मारली. "बाळू, तू जा. बघून ये न् मला सांग."

"तुला सोडून कसा जाऊ?"

"ह्या बाई हायती की. जा. माझ्या बदली कुणीतरी बघाया पायजे."

ते गेले. मी तिच्या उशाशी बसले, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत. ती सारखी वेळ विचारायची. मुहूर्त दुपारचा होता. पाच मिनिटं राहिल्यावर तिनं मला हळदीकुंकवात भिजवलेले तांदूळ आणायला लावले. ते तिनं आदल्या दिवशीच वाटीत काढून ठेवले होते. उशीला टेकवून मी तिला बसवलं. दारातून दिसणाऱ्या दिशेला उंब्रज आहे का, असं तिनं विचारलं. मी आहे म्हटलं. मला दिशा माहीत नव्हती. तिनं तांदूळ उचलायचा प्रयत्न केला. वळलेल्या बोटांमधून दाणे गळून मांडीवर पडत होते, आणि गळलेत हे तिला कळत नव्हतं. तिनं रिकामा हात वर केला आणि दाराकडं उडवला. "पडल्या का?" तिनं विचारलं.

"पडल्या," मी म्हणाले.

संध्याकाळी सर परत आले. अक्काच्या अंथरुणाशी बसले. गाठींचा लाल रंग तसाच होता.

"कशी दिसत हुती?"

"चांगली. लय चांगली."

"साडी कुठली?"

सरांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "हिरवी असंल. मी मागं उभा हुतो, अक्का. गर्दी हुती."

"मामा म्हणून तिच्यामागं कोण उभं ऱ्हायलं?"

"तिचा मामा," सर म्हणाले. म्हणजे दाजींच्या दुसऱ्या बायकोचा भाऊ.

अक्कानं डोळे मिटून घेतले. तिला झोप लागली असावी म्हणून मी उठले, तर ती म्हणाली, "बाईंना जेवाय वाढ रं."

त्या वर्षाअखेर सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभाला ते आले नाहीत. मीही पुढं बदली घेऊन साताऱ्याच्या कॉलेजात गेले. दशक संपता संपता, प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला वडूजला गेले होते. काम सकाळीच आटोपलं, एसटीला वेळ होता, म्हणून मळ्याच्या रस्त्यानं चालत गेले.

कुंपणापाशी पोचले आणि थांबले. अंगणात उन्हाला पाठ करून अक्का खुर्चीवर बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर, मांडीवर टॉवेल पसरलेला. शेजारी पाण्याचं घमेलं. त्यात भिजवलेला तिचा एक पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि तळवा उजेडाकडं फिरवून, चष्मा कपाळावर सारून, ते टाचेपासून बोटांपर्यंत बारकाईनं बघत होते. एका जागी त्यांचा अंगठा थांबला. दाबल्यावर पू आला. त्यांनी चिमट्यानं बाभळीचा काटा ओढून काढला, चांगला बोटाच्या पेराएवढा, आणि तिच्या डोळ्यांजवळ धरला.

"कवा टोचला ह्यो?"

अक्कानं काट्याकडं पाहिलं, मग भावाकडं. "मला काय ठावं," ती म्हणाली.

त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली. मी हाक मारणार होते, मारली नाही. सरांनी तो पाय खाली ठेवला, हात पुसले आणि घमेल्यातून दुसरा पाय उचलून मांडीवर घेतला.